गुलबक्षीचा रंग



तिसऱ्या प्रहरीं चारच्या पुढें उमलणारी आणि सकाळीं ऊन चढतांच मिटणारी गुलबक्षी आपल्यापैकीं बहुतेकांनीं परसांत पाहिली असेल. कोणी तिला गुलबासही म्हणतात. मूळची ही अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतली. पण आपल्या अंगणांत ती इतकी रुळली आहे कीं, तिला परकी म्हणणें जिवावर येतें. आज मी तिच्या रंगाविषयीं बोलणार आहें, आणि त्या निमित्तानें माझ्या हातून घडलेल्या एका अन्यायाविषयींही.

मी नोकरींत असतांना माझ्या घरापुढें तांबडी व पांढरी गुलबक्षी शेजारीं शेजारीं होती. त्यांच्या बियांतून एका वर्षीं सुरेख गुलाबी फुलांचें एक झाड उगवलें. मीं त्याच्याच काळ्या, मिऱ्यांसारख्या बिया वेंचून पुडी बांधली आणि पुढील पावसाळ्यास माळ्याच्या हातीं दिली. रोपें फुलावर आलीं तों कांहीं गुलाबी, कांहीं तांबडीं, कांहीं पांढरीं! माळ्यानें भेसळ केली असें ठरवून मीं त्याला चारचौघांत लबाड म्हटलें. तो कांहीं बोलला नाहीं. पुन्हां आमच्याकडे फिरकलाही नाहीं.

तो निर्दोष होता हें मला पुष्कळ वर्षांनीं पुस्तकांतून कळलें. ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूनें वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ सालीं निबंध छापला. तो १९०० सालीं ज्यांनीं उजेडांत आणला त्यांपैकीं कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानें गुलबक्षीवरच प्रयोग केले. रोपाला रंगाचे दोन अंश मिळतात, एक मातेकडून व एक परागाकडून. आज त्यांना जनुकें म्हणतात. तांबड्या झाडांत दोन्ही अंश तांबडे, पांढऱ्यांत दोन्ही पांढरे, गुलाबींत एकेक. एकट्या तांबड्या अंशाला पाकळी पुरी रंगवितां येत नाहीं. अशा झाडानें स्वतःच्याच परागावर धरलेली बी लावली कीं अंश पुन्हां विलग होतात : चार रोपांमागें सरासरी एक तांबडें, दोन गुलाबी, एक पांढरें. गुलाबीच निवडून पिढ्यान् पिढ्या लावा, हिशेब हाच राहणार.

मग निवडीनें कांहींच साधत नाहीं काय? पुष्कळ साधतें. इंग्लंडांत शर्ली गांवीं विल्यम विल्क्स नांवाचे पाद्री होते. १८८० सालीं त्यांना रानटी तांबड्या पॉपींत एकच फूल पांढऱ्या बारीक कडेचें दिसलें. त्यांनीं त्याची बी राखली. पुढच्या वर्षीं सुमारें दोनशें रोपांत अवघीं चारपांच कडेचीं निघालीं. त्यांतलीं उत्तम तेवढीं ठेवून त्यांनीं तोच क्रम वर्षानुवर्षें चालविला. कड रुंदावली, तांबडा रंग फिकटत गुलाबीवर आला, मधला काळा डागही गेला. थंडीच्या बागांतून लावतात ती शर्ली पॉपी हीच. विल्क्स यांनीं रंग निर्माण केला नाहीं. निसर्गानें दाखविलेला फरक हेरला, आणि तो बियांतून टिकणारा होता.

गुलबक्षीचा गुलाबी मात्र बियांत टिकत नाहीं. तो राखायचा तर जमिनींतला गड्डा जपून लावावा. त्या झाडाचा अंश तसाच पुढें चालतो. माळ्यानें पुडी हातांत घेतांना मला हेंच सांगितलें होतें : “मास्तर, रंग हवा तर बी नको, गड्डा ठेवा.” मीं मॅट्रिक झालेला, माळ्याकडून काय शिकायचें, म्हणून ऐकलें नाहीं.