मिस्त्री येईपर्यंत

घट बसायला आता थोडेच दिवस राहिलेत. गावोगाव ओढ्यावर, विहिरीवर गोधड्या धुणं सुरू झालंय. घरातली बोचकी, ट्रंका, डबे सगळं अंगणात यायला लागलंय. याच दिवसांत दुसरंही एक काम निघतं, ते म्हणजे दुरुस्तीचं. पावसानं पत्रा गळलेला असतो, मोटार जळालेली असते, मिक्सर बंद असतो, नळाची तोटी ठिबकत असते. मग आपण मिस्त्रीला फोन करतो. तो म्हणतो, “उद्या येतो ताई.” आणि तिथून आपली वाट बघणं सुरू होतं.

आज या दोन गोष्टींवर बोलायचं आहे: वाट बघणं आणि आवरताना सापडलेल्या वस्तू. दोन्ही कामं घरातल्या बाईकडंच येतात आणि दोन्हींची किंमत कुणी करत नाही.

आधी वाट बघण्याचं बोलू. वायरमन यायचा असेल तर घरी कोण थांबतं? आपणच. का? तर “तू घरीच असतेस ना.” पण त्या दिवशी आपण खुरपणीला गेलो नाही तर हजेरी बुडते. आमच्या भागात बाईला खुरपणीचे ३०० रुपये मिळतात. मिस्त्री दोन दिवस आलाच नाही, तर ६०० रुपये गेले. मिस्त्रीनं मजुरी घेतली २००. म्हणजे ती तोटी २०० ला नाही, ८०० ला पडली. हा हिशेब घरात कुणी मांडत नाही. तो आपण मांडायला शिकलं पाहिजे.

सरकारनं २०१९ मध्ये देशभर एक पाहणी केली होती. माणसं दिवसभरात वेळ कशात घालवतात, याची ती पाहणी. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटं होती ९७. म्हणून कुणी “दिवसभर घरीच तर होतीस” असं म्हणालं, तर भांडू नका, पण हा आकडा शांतपणे सांगा.

आता मिस्त्रीची बाजूही बघू. एक मोटारसायकल, पाच-सहा गावं आणि कधी कोणाचा फोन येईल याचा नेम नाही. तो मुद्दाम चुकवतो असं नाही. पुष्कळदा होतं काय, की तो येतो, बघतो आणि म्हणतो, “याला दुसरा पार्ट लागेल, तालुक्याहून आणावा लागेल.” पुन्हा दोन दिवस गेले. ही फेरी आपल्याला वाचवता येते. फोनवर नुसतं “मिक्सर बंद पडलाय” असं सांगू नका. कंपनी कोणती, बंद पडायच्या आधी आवाज आला का, जळका वास आला का, सगळं सांगा. व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवा. “सकाळी की दुपारी?” असं विचारून घ्या. खर्चाचा अंदाज काम सुरू व्हायच्या आधी विचारा. बदललेला जुना भाग परत मागा. पावती मागायला लाजू नका.

वस्तू वॉरंटीत असेल तर कंपनीकडं तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. विजेची तक्रार १९१२ वर करता येते. तिथंही क्रमांक घ्यायचाच, कारण तक्रारीची नोंद नसेल तर वाट किती दिवस बघितली हे सिद्ध करता येत नाही. आणि एक हात जोडून सांगते. वायरमन आला नाही म्हणून घरातल्या कुणालाही डीपीवर चढू देऊ नका, फ्यूज टाकू देऊ नका. एक रात्र अंधारात काढता येते. गेलेलं माणूस परत येत नाही.

आमच्या एका गटानं या वाट बघण्यावर एक छान उपाय काढला. गल्लीतल्या सगळ्यांचे मिक्सर, कुकर, शिलाई मशीन, इस्त्री, जे काही बिघडलंय ते एकाच घरी जमा करायचं. मिस्त्रीला सांगायचं, इथं दहा कामं आहेत, बुधवारी या. दहा कामं आहेत म्हटल्यावर तो बरोबर येतो. त्या दिवशी एकच बाई घरी थांबते, बाकीच्या नऊजणी कामावर जातात आणि प्रत्येकीनं तिला ३० रुपये द्यायचे. तिचे २७० होतात, जवळपास पूर्ण हजेरी. पहिल्यांदा ती बाई पैसे घेईना. “नुसतं बसायचे कसले पैसे?” म्हणाली. मग गटाच्या अध्यक्ष म्हणाल्या, “बसायचे नाहीत, थांबायचे आहेत.” मला ते फार पटलं. शिवाय अनोळखी माणूस घरी येणार असेल तर एकटीला अवघड वाटतं, तिथं शेजारची एक काकू येऊन बसते. तेवढाच आधार होतो.

आता त्या थांबण्यात आपण काय करतो? हात रिकामे ठेवायची आपल्याला सवय नाही. आपण एखादी ट्रंक उघडतो, फडताळ उपसतो, वरची फळी झाडतो आणि सापडायला लागतं. हरवलेलं जोडवं, कानातल्याची फिरकी, मंगळसूत्राचा मणी, कुलपाची किल्ली. आणि त्याखाली कागद. मैत्रिणींनो, माझं खरं सांगणं या कागदांबद्दल आहे. केरात टाकायच्या आधी प्रत्येक कागद उलगडून बघा.

आमच्या गटातल्या एका ताईंचे मालक आठ महिन्यांपूर्वी आजारानं वारले. वय पन्नाशीच्या आत. पत्रा बसवणारा येणार होता म्हणून ताई घरी थांबल्या होत्या आणि त्यांनी मालकांची पेटी आवरायला घेतली. त्यात एक बँकेचं पासबुक सापडलं. खात्यात जेमतेम दीडशे रुपये. त्या ते ठेवूनच देणार होत्या, पण बैठकीला घेऊन आल्या. पान उलटलं तर मे महिन्यात ४३६ रुपये कापल्याची नोंद होती. ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वर्षाला ४३६ रुपये खात्यातून कापले जातात आणि माणूस कोणत्याही कारणानं गेला तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. ताईंना हे माहीतच नव्हतं. मालकांनी कधी सही केली, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी बँकेत गेलो. मृत्यूचा दाखला, ताईंचं आधार, त्यांचं पासबुक आणि बँकेचा अर्ज दिला. दोन-तीन फेऱ्या झाल्या, अडीच महिने गेले, पण पैसे ताईंच्या खात्यात आले. थोरल्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण थांबलं असतं, ते थांबलं नाही.

तशीच २० रुपयांची नोंद असेल तर ती अपघात विम्याची, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची. तिच्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. साप चावून मृत्यू झाला तरी त्यात दावा करता येतो, पण दवाखान्याचे कागद लागतात. म्हणून घरात कुणी गेलं असेल तर त्यांचं पासबुक आधी भरून आणा आणि ४३६ आणि २० हे दोन आकडे शोधा. दावा लवकर करावा लागतो. पण उशीर झालाय असं वाटलं तरी स्वतःच ठरवून गप्प बसू नका, बँकेत जाऊन विचारा.

जुनी पासबुकं सापडली की आपल्याला वाटतं, खातं मेलं असेल. दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं, पण केवायसीचे कागद दिले की ते पुन्हा सुरू होतं. दहा वर्षांनी ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. तरीही खातेदाराला किंवा वारसाला आपल्या बँकेत अर्ज करून ते मागता येतात. पैसे बुडत नाहीत.

आता सापडलेल्या नोटांचं. डाळीच्या डब्यात, गोधडीच्या शिवणीत, देवामागं आपण पैसे ठेवतो. ते चोरून ठेवलेले नसतात, जपून ठेवलेले असतात. २०१६ साली नोटाबंदी झाली तेव्हा कितीतरी जणींना ते सगळ्यांसमोर बाहेर काढावे लागले. त्या वेळच्या जुन्या ५०० आणि १००० च्या नोटा आता सापडल्या तर बँक घेत नाही. कुणी “कमिशनवर बदलून देतो” म्हणालं तर तो फसवतोय असं समजा. तशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणंही कायद्यात बसत नाही. पण २००० ची नोट सापडली तर ती वाया गेलेली नाही. ती पोस्टानं रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात पाठवली की रक्कम आपल्या खात्यात जमा होते. उंदरानं कुरतडलेली, फाटलेली नोटही फेकू नका. ५० रुपये किंवा त्याहून मोठ्या नोटेचा ८० टक्क्यांपेक्षा जास्त भाग शाबूत असेल तर पूर्ण किंमत मिळते, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी.

आणि जुने दाखले. सासऱ्यांचा, आजेसासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, खरेदीखत. पोरांच्या जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला हेच कागद लागतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, भटक्या विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. वाळवी लागलेला एक कागद कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी सोन्याहून महाग होतो. त्याचा फोटो काढा, झेरॉक्स काढा आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या डब्यात ठेवा.

एक पथ्य मात्र पाळा. सापडलं ते ज्याचं त्याला द्या. सासूबाईंच्या लुगड्याच्या घडीत ५०० रुपये सापडले तर ते सासूबाईंचे. घरभर सांगत बसू नका, गुपचूप त्यांच्या हातात द्या. आपल्या डब्यातलं कुणी उघड केलेलं आपल्याला आवडत नाही, तसंच त्यांनाही.

तर या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं दोन गोष्टी करायच्या. गल्लीतल्या बिघडलेल्या वस्तूंची यादी करून मिस्त्रीचा एक दिवस ठरवायचा आणि थांबणारीची हजेरी ठरवायची. दुसरं, घरात सापडलेली सगळी पासबुकं पिशवीत घालून आणायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारणीनं वाचून दाखवायची. आकडे आपण सगळ्या मिळून बघू.

गोधड्यांना चांगलं ऊन लागू द्या. येते मैत्रिणींनो, नमस्कार.