हद्दीवर संपणारी सवलत

हैदराबाद ते सोलापूर हा रस्ता सुमारे 300 किलोमीटरचा. त्याच्या साधारण मध्यावर कर्नाटकातलं हुमनाबाद, आणि त्याच तालुक्यात दुबलगुंडी. इथून पूर्वेला निघालं की जहीराबाद तेलंगणात लागतं. पश्चिमेला सस्तापूर बंगला मागे पडला की उमरगा महाराष्ट्रात. सकाळी एका राज्यात, दुपारी दुसऱ्या आणि संध्याकाळी तिसऱ्या राज्यात असणं ही इथल्या माणसाला नवलाई नाही. परदेशी प्रवासी कमी पैशांत बसनं देशामागून देश पालथे घालतात, त्याचं आपण कौतुक करतो. सीमाभागातली बाई तीन राज्यांतून तसाच काटकसरीनं प्रवास करते, पण गरज म्हणून. तिच्या तिकिटाचा विचार मात्र तिन्ही राज्यांनी आपापल्या हद्दीपुरताच केला आहे. कर्नाटकानं 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत महिलांना साध्या गाड्यांत मोफत प्रवास दिला, तो राज्यातल्या रहिवाशांना आणि राज्यातल्या प्रवासापुरता. तेलंगणानं त्याच वर्षी 9 डिसेंबरला महालक्ष्मी योजना आणली, तीही तशीच. महाराष्ट्रानं त्याआधी, 17 मार्च 2023 ला, एस.टी.त महिलांचं भाडं निम्मं केलं. हीही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. तिन्ही योजना चांगल्या आहेत. पण दुबलगुंडीहून तुळजापूरला किंवा हैदराबादच्या दवाखान्यात जायचं झालं, तर त्यांतली एकही शेवटपर्यंत सोबत करत नाही. तीच बाई त्याहून कितीतरी लांब बेंगळुरूला फुकट जाऊ शकते.

माझं म्हणणं असं, की सीमाभागातल्या ठरावीक मार्गांवर या सवलती हद्दीपलीकडच्या पहिल्या मोठ्या स्टँडपर्यंत चालल्या पाहिजेत, आणि त्याचा खर्च प्रवाशाच्या स्वतःच्या राज्यानं उचलला पाहिजे. या मागणीला इतिहासाचा भक्कम आधार आहे. निजामाच्या रेल्वेनं जून 1932 मध्ये 27 गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली, तेव्हा बिदर, उदगीर, जहीराबाद एकाच संस्थानात होते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याला गेले, जहीराबाद-नारायणखेडचा भाग आंध्राला, उरलेला जिल्हा म्हैसूरला. गुलबर्ग्याचे तांडूर आणि कोडंगल असेच आंध्राकडं गेले. भाषेच्या तत्त्वावर झालेली ती फेररचना मोडावी असं इथं कुणी म्हणत नाही. पण सोयरिकी, आठवडी बाजार, दवाखाने आणि देवस्थानं यांची वाटणी कायद्यानं होत नसते. उदगीरची लेक भालकीत नांदते, भालकीची निलंग्यात. महाराष्ट्रातले दत्तभक्त गाणगापूरला येतात, माणिकनगरला येतात. इकडची माणसं तुळजापूर-पंढरपूरला जातात. बाईच्या बाबतीत हे अधिकच खरं. लग्नानं हद्द ओलांडते ती तीच, आणि माहेर-सासरच्या फेऱ्याही तिलाच असतात. म्हणजे ज्या बाईसाठी योजना निघाली, तिचाच सगळ्यात नेहमीचा प्रवास योजनेबाहेर राहिला.

पहिला आक्षेप तिजोरीचा. एका राज्याच्या करदात्यानं दुसऱ्या राज्यातल्या प्रवासाचे पैसे का द्यावेत? त्याचं उत्तर असं की पैसे आपल्याच रहिवाशावर खर्च होतात, रस्ता कुणाच्याही राज्यातला असो. हिशेबाची सोयही तयारच आहे. शक्ती योजनेत कंडक्टर बाईला शून्य रुपयांचं तिकीट देतो, त्यावरून प्रवासाची किंमत मोजली जाते आणि महामंडळ ती सरकारकडून मागून घेतं. दुसऱ्या राज्याच्या महामंडळानं तेच तिकीट फाडून तेच बिल पाठवायचं, एवढाच फरक. ओळखीचा प्रश्नही नवा नाही, कारण पत्ता असलेलं ओळखपत्र कर्नाटकात आणि तेलंगणात आजही दाखवावंच लागतं. युरोपात 1972 मध्ये 21 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी इंटररेल पास निघाला. एकाच पासावर अनेक देशांच्या रेल्वे चालत आणि उत्पन्न त्या आपसात वाटून घेत. वेगवेगळं चलन आणि वेगळे कायदे असलेल्या देशांना जे जमलं, ते एकच रुपया वापरणाऱ्या तीन राज्यांना अवघड का व्हावं?

दुसरा आक्षेप असा की वाहतुकीत राज्यांचा अधिकार स्वतंत्र आहे. तो आहेच. म्हणूनच मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 88 प्रमाणे एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालायला त्या राज्याची संमती लागते, आणि राज्यं आपसात करार करतात. नोव्हेंबर 2020 मध्ये आंध्र प्रदेश आणि तेलंगण यांनी असा करार केला. एकमेकांच्या हद्दीत दोघांच्या गाड्यांनी सारखंच अंतर धावायचं ठरलं, सुमारे 1 लाख 61 हजार किलोमीटर. गाड्या आणि अंतरं इतक्या बारकाईनं मोजणाऱ्या करारात सवलतीचं एक कलम बसणार नाही, हे पटत नाही. संमती निसटली तर काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. 2022 च्या अखेरीस आणि 2025 च्या फेब्रुवारीत सीमावाद तापला, तेव्हा महाराष्ट्र-कर्नाटक गाड्या थांबल्या. देशादेशांतही तेच. 1957 साली लंडनहून कोलकात्याला ‘इंडियामन’ नावाची बस 85 पौंड भाड्यात आली होती. पुढं इराण आणि अफगाणिस्तानात उलथापालथ झाली आणि 1979 नंतर तो खुष्कीचा मार्गच बंद पडला. स्वस्त भाड्याला वाटेतल्या सरकारांची कबुली नसेल, तर गाडी चालत नाही.

रेल्वे आहे ना, असंही कुणी म्हणेल. बिदर-कलबुर्गी मार्ग ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झाला, त्यावर हुमनाबाद आहे, आणि रेल्वेचं तिकीट राज्य विचारत नाही, हे खरं. पण बसवकल्याण, उमरगा या वाटेवर रूळ नाहीत. गर्दी वाढेल हा आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. मोफत प्रवासानंतर गाड्या भरून वाहतात आणि शाळेची मुलं दारात लोंबकळतात. म्हणून सगळ्या मार्गांवर एकदम नको. हुमनाबाद-उमरगा, भालकी-उदगीर आणि बिदर-जहीराबाद अशा तीन मार्गांवर, जादा गाड्या देऊन, एक वर्ष हे चालवून पाहावं. तिन्ही महामंडळांनी दर महिन्याला तिकिटांचा हिशेब जाहीर करावा, आणि कोणत्या राज्याला किती देणं लागलं हे आकड्यांत दिसू द्यावं.