परवा वाचलेलं, परवा वाचायचं



माझ्या उशाशी सध्या चार पुस्तकं आहेत. दोन विज्ञानकथांची, एक चित्रकथा आणि एक या दोन्हींच्या सीमेवरचं. कुणी भेटलं की मी या चारांबद्दलच बोलत असते, म्हणून आज तुमच्याशीही त्यांच्याबद्दलच बोलणार आहे. चित्रांबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे तुम्हाला थोडं डोळे मिटून ऐकावं लागेल.

पहिलं पुस्तक जयंत नारळीकरांचं. 2025 च्या मे महिन्यात ते गेले आणि मी त्यांच्या जुन्या कथा पुन्हा काढून बसले. त्यांच्या पहिल्या कथेची हकिगत तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण स्वतःच्या नावानं नाही. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी नाव घेतलं नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात गेली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं! नावाच्या वजनाशिवाय कथा उभी राहते का, हे त्या मोठ्या शास्त्रज्ञाला पाहायचं होतं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

पण तुम्ही अजून नारळीकर वाचले नसतील, तर सुरुवात ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेपासून करा, असं मी सुचवेन. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे अभ्यासक. पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर काय झालं असतं, हा विचार डोक्यात घोळत असताना त्यांना अपघात होतो, आणि ते अशा मुंबईत पोचतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. तिथे ते काय करतात? इतिहासकार जे करील तेच. टाउन हॉलच्या ग्रंथालयात जातात आणि स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड मागवतात. आपला इतिहास नेमका कुठल्या पानावर वेगळ्या वाटेला लागला, ते शोधत बसतात. ते पान सापडतं. विश्वासरावांच्या दिशेनं सुटलेली गोळी त्यांना चाटून गेली, एवढाच फरक.

14 जानेवारी 1761 हा दिवस आपल्या भाषेत घर करून बसलाय. एखाद्याचं पानिपत झालं म्हटलं की पोरालाही अर्थ कळतो. नारळीकरांनी त्या दिवसातली एकच गोष्ट हलवली, तीही तिळभर, आणि मग बाकी सगळं जग प्रामाणिकपणे त्या तिळामागून चालवलं. मला तरी विज्ञानकथेची खरी खूण हीच वाटते. यानं, यंत्रमानव, किरणांच्या बंदुका असल्या तर असू देत, नसल्या तरी काही अडत नाही. एक गोष्ट बदलायची आणि तिच्या परिणामांशी लबाडी करायची नाही. कथेच्या शेवटी इलेक्ट्रॉनच्या वागण्याचा आधार घेऊन जे स्पष्टीकरण येतं, ते पहिल्या वाचनात कळलं नाही तरी थांबू नका. दुसऱ्या वाचनात ते गोष्टीइतकंच रंगतदार वाटतं.

दुसरं पुस्तक टेड चियांग या अमेरिकन लेखकाच्या कथांचं आहे. त्यातली 1998 ची ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’ ही दीर्घकथा वाचा. ‘अरायव्हल’ हा चित्रपट तिच्यावरूनच निघाला. परग्रहावरून जीव आलेत आणि एक भाषाशास्त्रज्ञ बाई त्यांची लिपी शिकतेय. त्या जिवांना काळ आपल्यासारखा एकापाठोपाठ एक दिसत नाही, सगळा एकदम दिसतो. त्यांची भाषा शिकता शिकता बाईंचंही मन तसंच होऊ लागतं. आपल्या मुलीच्या आयुष्याबद्दल त्या मुलीशीच बोलतात. काय काय घडणार आहे, ते आठवणी सांगाव्यात तसं सांगतात. इंग्रजीत वाचताना मला आपला ‘परवा’ आठवत राहिला. ‘परवा आले होते’ आणि ‘परवा येईन’, दोन्हीकडे शब्द तोच. आजपासून दोन पावलं मागे किंवा दोन पावलं पुढे, आणि दिशा कळायला क्रियापदापर्यंत थांबावं लागतं. ही कथा मराठीत आणायला बसलेल्या माणसाला त्या एका शब्दाचा किती उपयोग होईल!

आता सीमेवरचं पुस्तक. ‘सुलतानाज ड्रीम’, म्हणजे सुलतानाचं स्वप्न. 1905 साली बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांनी ते इंग्रजीत लिहिलं. घरात मुलींना शिकवायची रीत नव्हती. भावानं रात्री गुपचूप शिकवलं, त्या बळावर हे लेखन झालं. कथेतल्या देशात पुरुष पडद्याआड आहेत आणि कारभार बायकांच्या हाती. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, पाणी थेट ढगांतून ओढून घेतलं जातं, प्रवास हवेतल्या गाडीनं. राइट बंधूंचं विमान उडून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. इथेही एकच गोष्ट हलवलीय, पडद्याची बाजू. माझ्याकडची प्रत चेन्नईच्या तारा बुक्सची आहे आणि तिच्यात दुर्गाबाई व्याम यांची चित्रं आहेत.

दुर्गाबाई मध्य प्रदेशातल्या परधान गोंड समाजाच्या. आपल्याकडे सारवलेल्या अंगणात रांगोळी घालतात, तशी त्यांच्याकडे बायका भिंतींवर, जमिनीवर डिगना काढतात. दुर्गाबाई लहानपणी आईकडून ते शिकल्या. त्या बोटांना चित्रकथेत काय करता येतं, हे पाहायचं तर माझं चौथं पुस्तक हातात घ्यावं लागेल.

त्याआधी थोडं चित्रकथेबद्दल. माझ्या पिढीला कॉमिक्सची गोडी इंद्रजालनं लावली. 1964 साली सुरू झालेली ही मालिका मराठीतूनही निघे आणि तिच्यातला फँटम आपल्याकडे वेताळ झाला. पुढे अमर चित्र कथा आली, पुढे रोजच्या ‘सकाळ’मध्ये चिंटू आला. तरीही चित्रं असलेलं पुस्तक म्हणजे मुलांचं पुस्तक, ही समजूत घराघरांत टिकून आहे. ती चुकीची आहे. स्कॉट मक्लाउड या चित्रकारानं 1993 साली चित्रकथेबद्दलचं पुस्तक चित्रकथेतच लिहिलं. त्यात तो दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीकडे बोट दाखवतो. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि एक किंकाळी. घाव कुठेच काढलेला नाही. तो वाचणाऱ्यानं घातला.

चौथं पुस्तक आहे ‘भीमायन’. 2011 साली नवयान प्रकाशनानं काढलेलं. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींवर ते उभं आहे. यात चौकोनी चौकटी नाहीतच. पानं डिगनाच्या वळणदार पट्ट्यांनी विभागलीत. बोलण्याचे फुगेही वेगळे. मायेचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात, डंख करणाऱ्या शब्दांना विंचवाची नांगी असते. कोण काय बोललं हे वाचण्याआधीच ते लागणार की नाही, हे डोळ्यांना कळतं.

बाबासाहेबांच्या लहानपणाचा एक प्रसंग बघा. 1901 साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला नऊ-दहा वर्षांचा भीम भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरतो. न्यायला कुणीच आलेलं नाही. जात कळल्यावर गाडीवान त्यांची गाडी हाकायला तयार नाही आणि वाटेत पाणी मिळत नाही. या पुस्तकातली आगगाडी म्हणजे एक लांबलचक साप आहे. आणि तहानलेल्या भीमाचं धड? ते मासा झालंय. पाण्यावाचून तडफडणारा मासा आपण बोलण्यात किती वेळा वापरतो. त्या पानावर तो शब्द लिहिलेला नाही, तो तुमच्या तोंडी आपोआप येतो. हे पान मी माझ्या भाचीला दाखवलं, तेव्हा ती कितीतरी वेळ नुसती मुलाच्या पोटाकडे बघत होती.

चित्रकथा वाचायची सवय नसेल तर एकच करा. नुसता मजकूर संपवून पान उलटू नका. शब्द वाचून झाले की पुन्हा पानाच्या वरच्या टोकाला या आणि फक्त चित्र बघा.

‘भीमायन’मध्ये बडोद्याचाही प्रसंग आहे. परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेल्या, संस्थानच्या नोकरीत असलेल्या बाबासाहेबांना मुक्कामाच्या जागेतून काठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढलं. शहरात दुसरा आसरा मिळेना. रात्रीच्या गाडीची वाट बघत ते कामाठीबागेत बसून राहिले. चित्रकारांनी तिथे बागेत बसलेला माणूस काढलेला नाही, त्या माणसाचीच बाग केलीय. ही बाग आज सयाजीबाग म्हणून ओळखली जाते. बडोद्यात तुमचं कुणी असेल, जाणं होत असेल, तर हे पुस्तक बरोबर न्या आणि ते पान त्या बागेत बसून उघडा.