तेलाची गळती आणि वसुलीची नोटीस
(तंजावर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



तंजावरात मराठीतून बोला असा तुमचा आग्रह झाला, तो आम्ही आनंदाने मानला. इथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला आहे, तेव्हा ही भाषा या गावात पाहुणी नाही. इथून पन्नासेक किलोमीटरवर पोन्मलईचा रेल्वे कारखाना आहे. तो नागपट्टणमहून तिकडे हलवला गेला आणि त्याच सुमारास, १९२८ च्या जुलैत, नोकरकपातीविरुद्ध दक्षिण भारत रेल्वेच्या कामगारांनी संप केला. त्या लढ्यावर बोलायला आम्हांला आवडले असते. पण आज विषय घेतला आहे तेलाचा, कारण गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही एक तक्रार वारंवार दिसते: गाडीचे तेल बदलले, फिल्टर नवा बसवला, दुसऱ्या दिवशी खाली तेलाचे थारोळे, आणि तिसऱ्या दिवशी फिटरच्या हातात नोटीस.

मेल मोटारीवर काम करणारे, पॉवर कारवरचे, टॉवर वॅगनवरचे आणि जनरेटर सांभाळणारे असे सगळे इथे बसले आहेत. विजेची इंजिने आली म्हणून डिझेल इंजिन आपल्या आयुष्यातून गेले, असे कोणी समजू नये.

आम्ही पाहिलेले एक प्रकरण सांगतो. जागेचे नाव घेत नाही. सकाळी गाडीचे तेल बदलले आणि संध्याकाळी ड्रायव्हरला तेलाचा दिवा लागलेला दिसला. त्याने शहाणपणा केला, इंजिन तिथेच बंद केले. गाडी ओढून आणली. साहेबांनी बॉनेट न उघडताच शेरा मारला, 'फिल्टर नीट आवळला नाही.' फिल्टरच्या खालच्या कडेला तेल लोंबत होते, हे खरे. पण तेल वरून खाली येते, मित्रहो! जिथे थेंब दिसतो तिथेच गळती असते, असे नाही. आम्ही फिटरबरोबर गेलो. इंजिनची ती बाजू डिझेलने धुतली, कोरड्या चिंधीने पुसली, फिल्टरच्या वरच्या भागाला टाल्कम पावडर चोपडली आणि इंजिन चालू केले. दोन मिनिटांत पावडरीवर काळी रेघ उमटली. ती फिल्टरपासून नव्हे, त्याच्या वर बसवलेल्या ऑईल प्रेशर स्विचपासून निघाली होती. स्विच जुना, आतून फुटलेला. त्याला त्या दिवशी कोणी हातही लावला नव्हता. आठ आण्यांच्या पावडरीने एका माणसाचा पगार वाचला.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे पुसल्याशिवाय निदान नाही. जुना फिल्टर काढताना त्यातले तेल सांडतेच. ते क्रॉस मेंबरवर, चेंबरच्या कडेवर साठते आणि दिवस-दोन दिवस टपकत राहते. ही गळती नव्हे. खाली वर्तमानपत्र पसरावे, रात्रभर ठेवावे, सकाळी डाग पाहावा आणि डिपस्टिकही पाहावी. डाग रोज कमी होत असेल आणि पातळी हलत नसेल, तर ते सांडलेलेच तेल. पेट्रोलच्या गाडीत रंगानेही कळते: काळे ते जुने, पिवळसर ते नवे. डिझेलवर ही खूण चालत नाही, तिथे नवे तेलही थोड्या वेळात काळे होते.

खरोखर फिल्टरमधूनच गळत असेल, तर आमच्या अनुभवात सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे जुनी रबरी रिंग. जुना फिल्टर निघतो, पण त्याची रिंग इंजिनच्या तोंडाला चिकटून राहते. त्यावर नवा फिल्टर नव्या रिंगसह चढतो. एकावर एक दोन रिंगा! हाताला घट्ट लागते, मंद गतीवर थेंबही पडत नाही. पण थंडीच्या पहाटे तेल घट्ट असते, त्याचा दाब वाढतो, आणि वरची रिंग एका बाजूने बाहेर पडते. मग थेंब नाही, धारच लागते. अशा वेळी 'डेपोपर्यंत नेऊ' म्हणू नका. इंजिन तत्क्षणी बंद करा. तेल गरम सायलेन्सर पाइपवर उडाले तर आग लागते, आणि तेल संपले तर बेअरिंगे जातात.

जुन्या पद्धतीच्या वाटीच्या फिल्टरमध्ये हीच रिंग वरच्या खाचेत बसलेली असते. ती तेलकट असल्याने दिसत नाही. बॅटरी मारून पाहावे आणि बोथट आकड्याने काढावे. स्क्रू ड्रायव्हरने उकरल्यास खाचेला चरा पडतो आणि कायमची गळती होते. मधल्या बोल्टचा तांब्याचा वायसरही बदलावा.

रिंगेला नव्या तेलाचे बोट लावून मगच फिल्टर फिरवावा. कोरडी रिंग मुरडते. रिंग टेकल्यावर किती फिरवायचे ते डब्यावर छापलेले असते, बहुतेकांवर पाऊण फेरा. तो हाताने द्यावा. पान्याने रग लावून आवळणारे आम्ही खूप पाहिले. त्यात रिंग चेपते, आटे दुखावतात, आणि पुढच्या वेळी काढणाऱ्याचे हाल होतात ते वेगळेच. आटे जुळतात म्हणून कोणताही फिल्टर चालतो, हाही गैरसमज. रिंगेचा घेर वेगळा असला तर ती बैठकीच्या कडेवर अर्धवट टेकते. स्टोअरमधून आलेला नग जुन्याशेजारी उभा करून तपासा, वेगळा असेल तर बसवण्याआधी लेखी कळवा. आणि नवा फिल्टर बरोबर बसूनही त्याचा डबा फुगला असेल, तर दाब सोडणारा व्हॉल्व्ह अडकला आहे असे समजा. तिथे दहा फिल्टर बदलून उपयोग नाही.

आता नोटिशीकडे वळू. निष्काळजीपणामुळे किंवा आदेश मोडल्यामुळे सरकारचे नुकसान झाले तर पगारातून वसुली करता येते, ही किरकोळ शिक्षा समजली जाते. टपालवाल्यांना १९६५ च्या नियमांतला १६ वा नियम लागू, रेल्वेवाल्यांना १९६८ च्या नियमांतला ११ वा, म्हणजे आपल्या ओळखीचा एस.एफ.-११. दोन्हींत आरोप लेखी द्यावा लागतो आणि तुमचे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. आमचे बरेच भाऊ तिथे 'चूक झाली, क्षमा असावी' असे लिहून मोकळे होतात. का? कारण तक्रार काय, तेल कुठून आले, हे त्या दिवशी कोणी पाहिलेलेच नसते. वसुलीला नुकसान पुरेसे नाही, ते तुमच्या निष्काळजीपणामुळे झाले हे दिसावे लागते. फुटलेला स्विच म्हणजे तुमचा निष्काळजीपणा नव्हे. चुकीचा आलेला फिल्टर तुम्ही लेखी कळवला असेल, तर तोही नव्हे. चौकशीची मागणीही लेखी करता येते.

म्हणून गळती दिसली की काढलेला फिल्टर आणि रिंग फेकू नका. तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर, डिपस्टिकची पातळी, आणि रेघ कुठून निघाली त्याचे साधे चित्र वहीत काढा. याच गावात दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसकट ठेवली जात, ती सरस्वती महालात आजही आहेत. राजाचे वैद्य चित्र काढत होते, मग फिटरने काढायला हरकत काय? सोबत्याची सही घ्या. आता मोबाईल सर्वांच्या खिशात आहे, पुसण्याआधीचा आणि नंतरचा फोटो काढा.

आणि डेपोकडे बॅटरी, तेल धरायचे तसराळे, पुरेशा चिंध्या आणि योग्य नंबरचे फिल्टर यांची मागणी शाखेमार्फत करा, पोच घ्या. ज्यांच्यावर सध्या नोटीस आहे त्यांनी कागद घेऊन चहानंतर आमच्याकडे यावे, उत्तराची मुदत कोणाची कधी संपते ते आधी पाहू.