पिल्लं आणण्याआधी जागा बघा



परसातल्या कोंबडीपालनावर बोलायला मी कुठेही गेले, तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, शंभर पिल्लांना किती वॅटचा बल्ब लावू?" मी उलट विचारते, "पिल्लं ठेवणार कुठे?" मग उत्तर येतं, "आहे की गोठ्यातला एक कोपरा." आज मला या कोपऱ्याबद्दलच बोलायचं आहे. बल्ब बदलता येतो, खाद्य बदलता येतं. पण शंभर पिल्लं एकदा उतरवली की जागा बदलणं अवघड होऊन बसतं. बचत गटाचं कर्ज काढून आणलेली पिल्लं पहिल्याच आठवड्यात गेली, तर ती बाई पुन्हा या धंद्याकडे वळत नाही. हप्ता मात्र भरावाच लागतो.

आधी खुडूक कोंबडी आठवा. तिच्या पंखाखाली दहा-बारा पिल्लं असतात. थंडी वाजली की आत शिरतात, ऊब मिळाली की बाहेर येऊन दाणे टिपतात आणि पुन्हा आत जातात. कधी आत जायचं आणि कधी बाहेर यायचं, हे पिल्लू स्वतः ठरवतं. ब्रूडर म्हणजे या आईच्या जागी आपण उभी केलेली सोय. म्हणून चांगल्या ब्रूडरची माझी कसोटी एकच आहे : पिल्लाला उबेकडे जाता आलं पाहिजे आणि उबेपासून दूरही जाता आलं पाहिजे. सगळी जागा सारखीच गरम असेल, तर पिल्लाला सुटका नाही. सगळी गार असेल, तर प्रश्नच मिटला.

हे इतकं महत्त्वाचं का? एक दिवसाचं पिल्लू जेमतेम 35 ते 40 ग्रॅमचं असतं. अंगावर पिसं नाहीत, नुसती लव. पहिले साधारण दोन आठवडे त्याला स्वतःच्या शरीराचं तापमान नीट राखता येत नाही. पोटात अंड्यातल्या बलकाचा साठा असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस तगतं. म्हणून पहिल्या दिवशी सगळं ठीक वाटतं. गारठलेलं पिल्लू खात-पीत नाही, आणि मरतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. आपण म्हणतो, "पिल्लंच खराब आली." हॅचरीकडून कमजोर पिल्लं येतात, नाही असं नाही. पण त्याआधी जागा तपासा.

आता नेहमीच्या जागा बघू.

गोठा. जनावरांच्या मुतामुळे जमीन ओली, हवेत अमोनिया, आणि पेंडीच्या वासाने आलेले उंदीर. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू झपाट्याने वाढतात. शिवाय एक उंदीर रात्रीत कितीतरी पिल्लं मारतो. गोठा नको.

सामानाची बंद खोली. ऊब टिकते, पण हवा खेळत नाही. त्यातून खताची पोती किंवा फवारणीची औषधं तिथेच असली तर मुळीच नको.

गच्चीवरची पत्र्याची खोली. दुपारी भट्टी, पहाटे बर्फ. नागपूरच्या मे महिन्यात तिथे बल्ब न लावताही पिल्लं धापा टाकतील, आणि इंदूरच्या जानेवारीत कितीही बल्ब लावले तरी पुरणार नाहीत.

मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्याशेजारची मोकळी जागा. दिसायला सोयीची, पण सर्वांत धोक्याची. मोठी कोंबडी निरोगी दिसत असली तरी तिच्याकडून जंतू येतात. पिल्लांची जागा वेगळी हवी आणि सकाळचं काम आधी पिल्लांचं, मग मोठ्यांचं. उलटं केलं की आपल्या चपलाच रोग घेऊन येतात.

मग चांगली जागा कोणती? तीन बाजूंनी भिंत असलेली पडवी, किंवा खिडकी असलेली रिकामी खोली. जमीन कोरडी आणि आजूबाजूपेक्षा थोडी उंच. वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा पडदा, पण छतापासून फूटभर जागा मोकळी. थंड झोत खालून येतो, तो अडवायचा. कोंदट हवा वर जाते, तिला वाट द्यायची. कोकणात पावसाळ्यात हे विशेष सांभाळावं लागतं, कारण तिथे थंडीपेक्षा दमट हवा जास्त त्रास देते.

जागा ठरली की तिथे खाली बसा, तोंड जमिनीपासून वीतभर अंतरावर न्या आणि श्वास घ्या. आपण उभे राहून वास घेतो, पण पिल्लू जगतं ते खाली. डोळे चुरचुरले, कुबट वास आला किंवा गालाला वारा लागला, तर पिल्लालाही तेच होणार.

आता आकार. चौकोनी खोलीच्या कोपऱ्यात घाबरलेली पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून कडं गोल हवं. दीड फूट उंचीचा पत्रा, पुठ्ठा किंवा बांबूची चटई, काहीही चालेल. पहिल्या दिवसांत पिल्लामागे पाव चौरस फूट आणि आठवड्याअखेर अर्धा चौरस फूट धरा. म्हणजे शंभर पिल्लांना आधी सहा फूट व्यासाचं आणि नंतर आठ फूट व्यासाचं वर्तुळ. सुरुवातीलाच 26 फुटांची पट्टी घ्या, टोकं एकमेकांवर चढवा आणि हळूहळू सैल करत न्या. दहा-बारा दिवसांनी कडं काढून टाकता येतं. महिन्याच्या पिल्लाला एक चौरस फूट लागतो, तेव्हा पुढच्या जागेचाही विचार आजच करा.

कड्यात खाली दोन इंच भाताचं तूस. तूस कोरडं हवं. बुरशी लागलेल्या तुसामुळे फुप्फुसाचा जो आजार होतो, त्याचं नावच मुळी ब्रूडर न्यूमोनिया आहे. पहिल्या दिवशी वर्तमानपत्र अंथरून त्यावर मक्याचा भरडा टाकतात, ते चालेल. पण गुळगुळीत कागद जास्त दिवस ठेवू नका, पिल्लांचे पाय फाकतात.

आणि हो, तो बल्ब! थंडीत पिल्लामागे दोन वॅट, उन्हाळ्यात एक. शंभर पिल्लांना दोनशेचा एकच लावण्यापेक्षा साठचे तीन-चार लावा, म्हणजे एक उडाला तरी बाकीचे सांभाळतील. एलईडी चालणार नाही, तो उजेड देतो, ऊब नाही. बल्ब वायरीवर नको, साखळीने पक्का टांगा. तो तुसात पडला तर आग लागते. पाण्याची भांडी बल्बच्या बरोबर खाली ठेवू नका. वीज जाणारच, तेव्हा गोणपाटात गुंडाळलेली गरम पाण्याची मडकी तयार ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही नको. तिच्या वायूने पिल्लं मरतात, आणि राखणीला झोपलेलं माणूसही मरतं.

पहिल्या आठवड्यात उबेच्या कडेला, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सिअस तापमान हवं. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करायचं. थर्मामीटर हवाच, पण शेवटचा शब्द पिल्लांचा. बल्बखाली गर्दी करून मोठ्याने चिवचिवत असतील, तर थंडी आहे. कड्याला चिकटून चोच उघडी आणि पंख पसरलेले असतील, तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील, तर दुसरीकडून वारा येतोय. आणि सगळीकडे पसरून काही खाताहेत, काही पेंगताहेत, आवाज मंद आहे, तर तुमची जागा जमली. रात्री झोपण्याआधी आणि पहाटे उठल्यावर, दोन वेळा एवढं बघा.

शेवटी एक काम सांगते. पिल्लांची मागणी नोंदवण्याआधी करा. निवडलेली जागा झाडून चुना मारा. वाळली की कडं उभं करा, तूस पसरा, बल्ब लावा आणि थर्मामीटर ठेवून चोवीस तास चालू द्या. पहाटे सूर्योदयाच्या सुमारास आकडा बघा. तीच सगळ्यात थंड वेळ. तेव्हा तापमान टिकलं, तूस कोरडं राहिलं, रात्रीत उंदराची लेंडी दिसली नाही, तर खुशाल फोन करा. नाही टिकलं, तर पडदा वाढवा, फट बुजवा, नाहीतर जागा बदला. रिकाम्या ब्रूडरची एक रात्र म्हणजे थोड्याशा विजेचा खर्च. भरलेल्या ब्रूडरची एक वाईट रात्र फार महाग पडते.