रजेआधी बदली माणूस

साथींनो, आडबाजूच्या स्टेशनवर तीन मास्तर आणि आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. एक गावी गेला की उरलेल्या दोघांच्या माथी बारा-बारा तास. वर्षाला 30 दिवस पगारी रजा आपल्या खात्यात पडते, 1 जानेवारी आणि 1 जुलैला पंधरा-पंधरा. 300 दिवसांपर्यंत ती साठते, आणि घरचे लग्न मात्र निघून जाते.

'रिलीव्हर नाही' हे उत्तर आम्ही पुष्कळ ऐकले. पण रिलीव्हर असला तरी भागत नाही. त्या स्टेशनचे कार्यनियम वाचून, समजून, रजिस्टरात सही केल्याशिवाय त्याला एकट्याने पाळी घेता येत नाही. गेटवरही तोच प्रकार. म्हणून आमचे म्हणणे असे, की लग्नसराई, पेरणी, दिवाळीच्या रजा जानेवारीतच एकत्र बसून वहीत लिहा, अर्ज देऊन पोच घ्या आणि बदली माणूस दोन दिवस आधी पाठवा अशी मागणी शाखेमार्फत लावून धरा. आजारपण सांगून येत नाही. त्यासाठी सही झालेला एक जण कायम हाताशी हवा. टपालातल्या मित्रांना हे दुखणे नवे नाही. आणि गणपतीला सगळ्यांनीच रजा मागू नये. गेल्या वर्षी ज्याला मिळाली नाही, त्याचे नाव वहीत पहिले.