पायाची जखम आणि आमचा मलमपट्टीचा डबा
(शताब्दी वर्षाच्या वारीत, पुण्याच्या मुक्कामी दिंडीच्या औषधसेवेतर्फे हरिपाठाआधी केलेलं निवेदन)



उद्या पहाटे सासवडची वाट धरायची. टप्पा लांबचा, मध्ये दिवे घाट. म्हणून महाराज म्हणाले, आज दहा मिनिटं पायांवर बोला. आम्ही काही वक्ते नाही. ट्रकमागे ताडपत्रीवर बसून चिखल्यांना मलम लावणारी, पट्ट्या बांधणारी माणसं आम्ही. आमच्यात दोन नर्सताई आहेत, एक औषधाच्या दुकानात कामाला आहे, बाकी सगळे शेतकरी. हे शताब्दीच्या ग्रंथात छापायचं आहे म्हणे, तेव्हा आधी आमचीच चूक सांगून टाकतो.

पूर्वी आमच्या डब्यात काय असायचं? कापूस, गॉज, जांभळं औषध आणि फेस येणारं ते हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमेवर ओतलं की फसफसायचं. आम्हाला वाटायचं, जंतू मरतायत. जंतू थोडे मरत असतील, पण नवी धरणारी कातडीही त्यात पोळायची. मग वरून कोरडं गॉज घट्ट बांधायचं. दुसऱ्या मुक्कामाला ते असं चिकटलेलं असायचं की ओढताना माउलींच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि रात्रीत जे काही भरून आलं असेल तेही गॉजबरोबर निघून यायचं. "जखमेला वारा लागू द्या, वाळू द्या," हे आम्ही किती जणांना सांगितलं असेल! ते चुकीचं होतं.

1962 साली जॉर्ज विंटर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने डुकरांच्या अंगावर सारख्या जखमा करून पाहिल्या. काही उघड्या ठेवल्या, काही पातळ प्लास्टिकखाली झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण साधं आहे. नवी कातडी जखमेच्या कडेकडून आत सरकत येते. ओलाव्यावर ती सहज सरकते. वर वाळलेली खपली असली की तिला खालून वाट काढत जावं लागतं. आज दुकानात जी नवीन ड्रेसिंगं दिसतात ती बहुतेक या एका गोष्टीवर उभी आहेत. ओल राहिली पाहिजे, पण चिखल व्हायला नको.

आमच्या डब्यात आता काय आहे ते सांगतो. पाणी फार सुटणाऱ्या जखमेला अल्जिनेट. हे समुद्रातल्या शेवाळापासून करतात. ते लस शोषून घेतं आणि स्वतः जेलीसारखं होतं, त्यामुळे काढताना ओढावं लागत नाही. मध्यम पाणी असेल तर फोम. चांदीचं ड्रेसिंग जंतू मारतं, पण ते जंतू झालेल्या जखमेला आणि थोडे दिवसच. चांदी आहे म्हणून जखम लवकर भरेल असं नाही, आणि महाग म्हणजे चांगलं असंही नाही. मधाचंही ड्रेसिंग निघालंय. पण तो मध शुद्ध करून घेतलेला असतो, घरच्या बाटलीतला लावू नका. हळद, चुना, तंबाखू, बिडीची राख, यातलंही काही नको. ज्याला परवडत नाही त्याने उगाच लाजू नये. सलाइनने धुऊन व्हॅसलिनचं न चिकटणारं गॉज लावलं, तरी आमच्या जुन्या कापसापेक्षा कितीतरी बरं.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तर भाजलेल्या जखमांना केळीचं पान वापरलं. पानाचे तुकडे कापडावर चिकटवून, निर्जंतुक करून. ते चिकटत नाही, बदलताना दुखत नाही आणि स्वस्त पडतं. म्हणून पंगतीतलं पान उचलून पायाला बांधू नका हो! निर्जंतुक करणं हेच त्यातलं खरं काम आहे.

आता जी गोष्ट सांगायला उभे राहिलोय ती.

काही वर्षांपूर्वी आपल्या दिंडीत एक बाबा होते. सत्तरी उलटलेली, साखर होती, आणि अनवाणी चालायचा नेम. नीरेच्या मुक्कामाला त्यांचा पाय पाहिला तर अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढं भोक, आत बाभळीचा काटा. बाबा म्हणाले, "दुखत नाही ओ." ते ऐकून आम्हाला हायसं वाटलं. खरं तर तिथंच घाबरायला हवं होतं. चांदीचं ड्रेसिंग तेव्हा नुकतंच आणलेलं. मोठ्या हौसेने लावलं आणि बाबांना चालू दिलं. लोणंदला बदललं, तरडगावला बदललं, बाबा चालतच होते. नातेपुत्यापर्यंत पाय सुजला, वास सुटला, ताप भरला. पुढे दवाखान्यात आधी अंगठा गेला, मग अर्धं पाऊल. पट्टीत दोष नव्हता. आम्ही त्यांना चालू दिलं, हा दोष आमचा.

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांवर उपचार करायचे. तेव्हा लोक समजायचे की या रोगाने मांस आपोआप सडतं. ब्रँड यांच्या लक्षात आलं की पायाला कळ लागत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर पुन्हापुन्हा पाय देतो. पाय प्लास्टरमध्ये घालून जखमेवरचा भार काढला की ती भरायची. साखरेने बधिर झालेल्या पायाचंही तेच. भार काढला नाही तर कितीही भारी ड्रेसिंग फुकट.

म्हणून यंदा विणेकरी, चोपदार आणि आम्ही बसून ठरवलंय. साखर असलेल्या माउलीच्या पायाला जखम दिसली की पुढचा प्रवास ट्रकमध्ये, आणि डॉक्टर लगेच. काहींना हे पटलेलं नाही. "नेम मोडतो," म्हणाले. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही, त्या बाबांचं घर दाखवलं. पालखी दिसावी म्हणून ते आता रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसतात. अनवाणीचा नेम असलेल्यांनी निदान यंदा तरी वहाणा घालाव्यात, ही विनंती.

लाली वर चढत असेल, पाय गरम लागत असेल, वास येत असेल, कुठं काळं पडलं असेल किंवा थंडीताप भरला असेल, तर आमच्याकडे पट्टीला येऊ नका. तो पाय दवाखान्यातच न्यायचा, त्याच रात्री.

कीर्तन झालं की ट्रकमागे बल्ब लावतो. आरसा ठेवलाय, तळपाय बघायला. साखरेची गोळी घेणाऱ्यांनी आधी यायचं, दुखत असो वा नसो. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून या. चपलाही आणा, आत खिळा वर आला असेल तर पकडीने काढून देतो.

राम कृष्ण हरी.